ओल लागू नये म्हणून

देवराव रामटेके यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे कागद होते. लॅमिनेशन झालेले आणि व्हायचे राहिलेले. नागपूरला सीताबर्डीत व्हरायटी चौकाजवळच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या जिन्याखाली ते बसत. एक झेरॉक्सचं यंत्र, एक लॅमिनेशनचं आणि स्वतः देवराव एवढं मावलं की जिन्याखालची जागा संपायची, त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहायचं. मार्कशीट, जातीचा दाखला, रेशन कार्ड, कुणाच्या वारलेल्या बापाचा एकुलता एक फोटो, जे येईल ते त्या गरम रुळांमधून चकचकीत होऊन बाहेर पडायचं. देवराव ते लगेच हातात देत नसत. चारही कडांवरून अंगठा फिरवायचे, उजेडात धरून कुठे बुडबुडा राहिलाय का बघायचे आणि मग म्हणायचे, "घ्या. आता पान्यात बुडवलं तरी काई होत नाई."

इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरात तर विचारूच नका. लाइटबिलापासून नातीनं काढलेल्या पहिल्यावहिल्या मोरापर्यंत सगळं प्लास्टिकच्या आत होतं. त्यांच्या पत्नी सिंधूताई म्हणायच्या, "बरं झालं मी कागदाची नाई."

या वेडाला कारण होतं. देवरावांची दहावीची मार्कशीट त्यांच्या आईनं पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवली होती. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. एका पावसाळ्यात कौलांतून गळती लागली आणि नेमकी पेटीवर लागली. पुढे एका सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं तेव्हा साहेबांनी ती मार्कशीट खिडकीपाशी नेऊन उलटीसुलटी पाहिली. "वाचता येत नाही," एवढंच म्हणाले. दुसरी प्रत मिळेपर्यंत जागा भरली गेली होती. मार्क चांगले होते, पण वेळेवर ते कुणाला दाखवता आले नाहीत. जिन्याखालच्या दुकानात देवराव आयुष्यभर लोकांचे कागद पुसून, सरळ करून, प्लास्टिकमध्ये घालत राहिले ते त्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या साहेबासाठी, असं म्हटलं तर फारसं चूक नाही.

सिंधूताई बालवाडीत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर विहारात दर पौर्णिमेला वाचनाला बसू लागल्या. भिक्खुणी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजानं लंकेला गेली, ही कथा त्यांनी तिथे इतक्यांदा वाचली होती की ती त्यांच्या माहेरची गोष्ट झाली होती. लंकेला जायचं, ते झाड बघायचं, आणि जायचं ते जहाजानंच, हे त्यांनी मनात धरलं होतं. विमानानं लवकर होतं, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "मले लवकर नाई जायचं. तिच्यासारखं जायचं हाये." देवराव दर वेळी काहीतरी अडचण काढायचे. तुला उन्हाचा त्रास होतो, बाहेरचं पाणी सोसत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्यात दुष्टावा नव्हता. मोलाची वस्तू आत ठेवायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे साठी उलटली तरी सिंधूताईंनी समुद्र पाहिला नव्हता.

शेवटी पुण्याच्या मुलानं, अश्विननं, आईबाबांना न विचारताच ठरवून टाकलं. चेन्नईहून निघणारी क्रूझ, मध्ये त्रिंकोमालीला दिवसभराचा थांबा, तिथून बसनं अनुराधपूरला जाऊन बोधिवृक्षाचं दर्शन, आणि संध्याकाळी परत जहाजावर. पासपोर्ट पोस्टानं आले त्या दिवशी देवराव ते दुकानात घेऊन गेले आणि गल्लीत सगळ्यांना हात न लावू देता दाखवले.

तिथूनच वादाला तोंड फुटलं. जहाजावरून परक्या देशात उतरायचं, तर पासपोर्ट सोबत न्यायचा की खोलीतच ठेवायचा? अश्विन फोनवर म्हणाला, "बाबा, जहाजावरचे लोक सांगतील तसं करा. बहुतेक खोलीतल्या तिजोरीतच ठेवायला सांगतात. जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स नेली की झालं." देवरावांना झेरॉक्सचा अभिमान असला तरी तिच्यावर विश्वास नव्हता. हजारो काढल्या होत्या त्यांनी.

शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा जितेंद्र एकदा दुबईला जाऊन आला होता आणि तेव्हापासून परराष्ट्र खातं त्याच्याकडेच होतं. तो म्हणाला, "काकाजी, पासपोर्ट अंगावर पायजे. समजा तुमी तिकडे झाडाखाली बसले अन् इकडे जहाज गेलं निघून. मंग? झेरॉक्स पाहून कोन विमानात बसवते तुमाले?"

जहाज सोडून जाईल हे देवरावांच्या मनात आलंच नव्हतं. आता ते तिथून हलेना. पासपोर्ट अंगावरच ठेवायचा, हे पक्कं झालं. पण सिंधूताई समुद्रात पाय घालणार होत्या, ते त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे पासपोर्ट अंगावर, आणि अंग पाण्यात. इथवर विचार आला की पुढचं देवरावांच्या हातांना आपसूक कळत होतं.

पुस्तक गरम रुळांतून जात नाही, म्हणून त्यांनी हातानं लावायची चिकट फिल्म घेतली. सिंधूताईंचा पासपोर्ट आधी, कारण तो जास्त मोलाचा. फोटोचं पान झालं. पत्त्याचं पान झालं. मग थोडा विचार करून त्यांनी शिक्क्यांसाठीचं पहिलं कोरं पानही मढवलं. सिंधूताईंचा पहिला शिक्का तिथेच उमटणार, आणि तोच पुसला तर काय उपयोग? पट्टी फिरवून फिरवून एकही बुडबुडा ठेवला नाही. इतकं सुबक काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. तेवढ्यात परीक्षेचे फॉर्म घेऊन पोरांची गर्दी आली, आणि त्यांचा स्वतःचा पासपोर्ट तसाच राहून गेला.

घरी सिंधूताईंनी पानावरून बोट फिरवून पाहिलं. "हे काहून केलं जी?"

"ओल लागू नये म्हनून."

"मायं नाव तर दिसून राहिलं ना नीट?"

"दिसते. जन्मभर दिसन."

चेन्नईच्या बंदरावर रांग मोठी होती. काचेमागच्या अधिकाऱ्यानं देवरावांचा पासपोर्ट पाहिला, शिक्का मारला, परत दिला. मग सिंधूताईंचा घेतला. पान उघडलं, थांबला, नखानं फिल्मची कड चाचपली. कोऱ्या पानावर आला आणि तिथे बराच वेळ अंगठा घासत राहिला. मग त्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं.

"हे कुणी केलं?" त्यानं हिंदीत विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच देवरावांना हे काम आपलं आहे असं म्हणायला जड गेलं. "मैंने," ते म्हणाले.

अधिकारी रागावला नाही. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं की असं काही चिकटवलेला पासपोर्ट खराब झालेला धरतात, त्यावर प्रवास करता येत नाही, परत जाऊन नवा काढावा लागेल. फिल्म ओढून काढली तर पानही फाटेल. "तुम्ही जाऊ शकता," तो देवरावांना म्हणाला, "तुमचा ठीक आहे."

देवरावांनी आपला पासपोर्ट खिशात घातला. तो खिशात असल्याचीही त्यांना लाज वाटली. त्यांनी सामान उचललं आणि दोघं उलट पावली बाहेर आली. देवरावांच्या पासपोर्टवरचा शिक्का वाटेत एका माणसानं रीतसर रद्द करून दिला.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सिंधूताईंना समुद्र बघायचा होता, म्हणून दोघं किनाऱ्यावर गेली. दुपार कलली होती. दूरवर एक पांढरं जहाज चाललं होतं. ते त्यांचंच होतं की नाही, कुणास ठाऊक. सिंधूताई वाळूत बसल्या. पाण्यात पाय घालायला गेल्या नाहीत.

देवराव वाट बघत होते की ही आता बोलेल, मग बोलेल. चार शब्द ऐकवून मोकळी झाली असती तर त्यांना जेवण तरी गेलं असतं. शेवटी तेच म्हणाले, "मायी चुकी झाली वं. मी जपाले गेलो."

"मले मालूम हाये," सिंधूताई म्हणाल्या. "जन्मभर तुमी मले जपलंच. ऊन लागू देल्लं नाई, पानी लागू देल्लं नाई." त्या जहाजाकडेच बघत होत्या. "पन ते पान शिक्का बसाले असते जी. तुमी त्याच्यावर काई बसाले जागाच ठेवली नाई."

आवाज चढला नव्हता, तरी देवरावांना ते सहन झालं नाही. ती पासपोर्टाबद्दल बोलत नव्हती, एवढं त्यांना कळलं. इतक्या वर्षांचे 'पुढच्या वर्षी बघू' त्यांना एकदम आठवले आणि ते तिथेच, एका फुटाणेवाल्याच्या देखत, रडले. सिंधूताईंनी त्यांना रडू दिलं.

नागपूरला आल्यावर अश्विन फोनवर आधी चिडला आणि मग हसला. गल्लीत जितेंद्रनं महिनाभर हा किस्सा जमेल त्याला सांगितला. देवरावांनी ऐकून घेतलं. एक फरक मात्र पडला. कुणी कागद आणला की ते आता विचारत, "याच्यावर पुढं काई लिहाचं हाये का? सही, शिक्का? मंग नोका करू." गिऱ्हाईक परत जायचं, पण ते विचारल्याशिवाय राहायचे नाहीत.

सिंधूताईंनी नव्या पासपोर्टसाठी सगळ्या खेपा स्वतः घातल्या. जुना का खराब झाला ते कचेरीत त्यांनीच सांगितलं, आणि नवऱ्याचं नाव न घेता सांगितलं. पासपोर्ट आला तेव्हा तो देवरावांच्या हातात दिला नाही. आपल्या कापडी पिशवीत ठेवला, आरशाच्या आणि बडीशेपेच्या डबीच्या शेजारी. देवरावांना ती डबी कधी उघडेल याची धास्ती वाटायची.

पुढच्या हंगामात अश्विननं पुन्हा सोय केली. या वेळी चेन्नईला शिक्का बसला. सिंधूताईंनी तो तिथेच, रांग अडवून, फुंकर घालून वाळवला.

त्रिंकोमालीला उतरायच्या सकाळी जहाजावरच्या मुलीनं सगळ्यांना समजावलं. जहाजाचं कार्ड विसरू नका. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवला तरी चालेल, झेरॉक्स न्या. सोबत न्यायचा तर आपल्या जबाबदारीवर न्या. सगळ्यांनी तिजोऱ्या लावल्या. देवरावांनीही आपला आत ठेवला आणि सिंधूताईंकडे न बघता तिजोरीचं दार उघडं धरून उभे राहिले.

"लावा तुमी," सिंधूताई म्हणाल्या. "माया पासपोर्ट माह्यासंगच राहीन."

"हरपला तर?" हे मात्र त्यांच्या तोंडून निघूनच गेलं.

"हरपला तर दोघं मिळून पाहू."

अनुराधपूरला सिंधूताई त्या झाडासमोर बराच वेळ हात जोडून बसल्या. काही मागितलं नाही. फक्त एकदा मान वर करून म्हणाल्या, "जहाजानंच आली मी." परतताना बस किनाऱ्यावर थांबली. सिंधूताईंनी चपला देवरावांच्या हातात दिल्या, लुगडं घोट्यावर धरलं आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून पाण्यात शिरल्या. देवरावांच्या जिभेवर 'पिशवी' हा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. एक मोठी लाट आली, सिंधूताई कमरेपर्यंत भिजल्या, आणि हसत बसल्या तिथेच, पाण्यात. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना देवरावांनी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी पिशवी वाळूवर पालथी केली. बडीशेप ओली, आरसा ओला, पासपोर्टच्या कडा फुगलेल्या. देवरावांचा हात रुमालाकडे गेला आणि थांबला. सिंधूताईंनीच पासपोर्ट उघडून उन्हात धरला. चेन्नईचा शिक्का एका बाजूनं थोडा पसरला होता, निळी शाई पानात उतरली होती.

"वाचता येते का, पाहा बरं," त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट पहिल्यांदाच त्यांच्या हातात दिला.

देवरावांनी चष्मा पुसला. पान उजेडाकडे केलं, एकदा सरळ, एकदा तिरपं, जसं कधीकाळी त्या साहेबानं खिडकीपाशी केलं होतं. गाव वाचलं, तारीख वाचली, आणि वाचून झाल्यावरही ते पान धरून उभे राहिले.

"येते वं," ते म्हणाले. "सगळं वाचता येते."