मागच्या दिव्याचा जोड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकाजवळ नाही. आता तुम्हाला सांगतेय, तेही हळू आवाजात — सून आत स्वयंपाक करतेय. तिनं ऐकलं तर?

गेवराईच्या रस्त्याला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. नवरा वायरी जोडायचा, मी आणि सून त्यावर टेप गुंडाळायचो. आधी ग्रीस, मग रबरी टेप ताणून घट्ट, वर साधी टेप. नाहीतर जोडात पावसाचं पाणी शिरतं आणि दिवा जातो. सुनेचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मला ते खुपायचं — खोटं कशाला बोलू? नवरा तिच्यादेखत मला म्हणायचा, "तुजे हात हायेत का खुरपं?" ती खाली बघून हसायची.

तलवाड्याची एक जीप आली. मागच्या दिव्याचा जोड माझ्याकडे होता. रबरी टेप संपली होती. दुसरी येईपर्यंत म्हणून मी नुसती साधी टेप गुंडाळली — तेवढ्यात ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला. हाक मारली असती तर थांबला असता. पण मग नवरा बोलला असता. आणि ती हसली असती.

पुढं ती जीप रोज दुकानावरून जायची. मी मागचा दिवा बघायचे. जळतोय की — असं म्हणायचे. आभाळ भरून आलं की दारात येऊन उभी राहायचे. तरी जीप थांबवली का? नाही.

मग झड लागली. दिवेलागणीला जीप कडेला उभी होती, मागचा दिवा बंद. मोटारसायकलवाला धडकला. जागीच गेला.

नवऱ्यानं जोड सोडून बघितला. आत पाणी. "कुनी केलता ह्यो?"

"सुनेनं," मी म्हणाले.

"आत्याबाई..." एवढंच ती म्हणाली.

नवऱ्यानं तिला परत दुकानात येऊ दिलं नाही. गावातल्या बाया अजून म्हणतात, हिच्या हातानं माणूस मेला. ती ऐकून घेते. आता मला दिसत नाही, तीच जेवू घालते. ताट ठेवून ती उभी राहिली, की मी घास हातातच धरून ऐकते — आज बोलेल का?

तिनं काही केलं नव्हतं. तो जोड माझा होता.