अगरबत्ती संपेपर्यंत

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून पोरांच्या ताटात खिचडी नीट पडते आहे का ते पाहत होते. स्क्रीनवर वैनीचं नाव होतं. दुपारच्या वेळी वैनी कधी फोन करत नाही, तिची मालिका असते. मी हसतच उचलला, आणि पलीकडून एवढंच ऐकू आलं, "रेखाताई... हे उठूनच नाई राह्यले."

'हे' म्हणजे दिवाकरदादा, माझा थोरला भाऊ. पांढरकवड्याचा ट्रक ड्रायव्हर, स्वतःच्या गाडीवर स्वतःच राबणारा. आदिलाबादला खेप टाकून तो सकाळी घरी आला, अंगणाला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये गाडी लावली, हातपाय धुतले आणि "जेवन झालं का उठव" असं वैनीला सांगून बाजेवर आडवा झाला. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तेरवीला आलेला प्रत्येक माणूस सांगत होता, पुण्यवान माणूस, कळलंसुद्धा नसेल. नसेलही कळलं. मला मात्र त्याच्याशी कडाकडा भांडायचं होतं. असं न सांगता कोणी जातं का?

त्याला आता काही आठवडे उलटले. रडणं कमी झालं, शाळा सुरू झाली, पण एक भलतंच दुखणं मागे लागलं. फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, आणि वाजणं बंद होईपर्यंत मी त्या यंत्राकडे नुसती बघत राहते. मग मी आवाजच बंद करून टाकला. गॅसवाला दारावरून परत गेला, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली, ते चालून गेलं. पण अमरावतीला शिकायला असलेली माझी मुलगी एका संध्याकाळी शेजारणीच्या फोनवर मला गाठून रडत होती. "आई, तू उचलत नाहीस ना, मग मला वाटतं तुलाच काही झालं." म्हणजे माझी भीती मी तिच्या पदरात टाकत होते. आणि दादा असता तर त्याला हे एका नजरेत कळलं असतं, कारण हे दुखणं आमच्या घरात माझ्या आधी त्याला झालं होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा सरकी भरून येत होता. वडकीच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला त्याच्या पुढ्यातच घसरून पडला. दादाने ब्रेक दाबला तो जवळजवळ उभा राहूनच. गाडी करकरत थांबली. तो नेहमी सांगायचा की त्या माणसाच्या अंगावर गाडीची सावली पडली होती, गाडी नाही. माणूस उठला, पायजमा झटकला, "माफ करजा भाऊ" म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. दादाने टपरीवर चहा घेतला, घरी आला, पोटभर जेवला. झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीत बसला आणि क्लचवरचा पाय थरथरायला लागला. खाली उतरला, पाणी प्यायला, पुन्हा चढला. पुन्हा तेच. घामाने शर्ट भिजला. आधी सगळ्यांना वाटलं ताप असेल. मग ताप नाही हे कळल्यावर गावाला तोंड फुटलं. चौकातले ड्रायव्हर विचारायचे, "काही झालंच नाई, तं भेतं कायले बे?" अपघात झाला असता, हातपाय मोडले असते, तर लोकांनी हळद घातलेलं दूध आणून दिलं असतं. पण जे झालंच नाही त्याची भीती कोणाला दाखवायची? आडदांड माणूस, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा, तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. वैनीने गाडीला लिंबू-मिरची बांधली, झाडपत्तीवाल्या भगताला बोलावलं. भगत धूर करून गेला, त्याने दादाला तेवढा खोकला आला.

शेवटी मीच त्याला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं कसलं, ओढलं. एसटीत सारा रस्ता तो माझ्यावर डाफरत होता. "मी काय येडा झालो का रेखे? अं? सांग ना, येडा झालो का?" पुढच्या सीटवरच्या बाईने वळून आमच्याकडे असं पाहिलं, की मलाच काही क्षण शंका आली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चिठ्ठीच्या मागे पेनाने डोकं काढलं आणि आत खोलवर एक ठिपका दिला. बदामाएवढा भाग असतो, म्हणाली, धोका दिसला की शिट्टी मारणं त्याचं काम. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटवर चौकीदार असतो ना, तसा. एकदा त्याने चोर अगदी जवळून पाहिला, आता मांजर गेलं तरी तो शिट्टी मारतो. "तो वाईट नाही भाऊ, जरा जास्तच इमानदार आहे."

"बदामाएवढा," दादा म्हणाला, "अन् येवढा तमाशा!" कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

"मंग त्याले सांगा ना, का चोर गेला."

"तेच तर आहे. त्याला सांगून समजत नाही, दाखवावं लागतं."

गोळ्या तर तिने दिल्याच, काही महिने घ्यायला लावल्या. पण खरं काम वेगळं होतं. रोज उभ्या गाडीत जाऊन बसायचं. इंजिन बंद. हात स्टेअरिंगवर. भीती येईल, येऊ द्यायची. श्वास आत घ्यायचा, बाहेर सोडताना जरा लांबवायचा, म्हणजे शरीरच चौकीदाराला कळवतं की इकडे सगळं ठीक आहे. आणि भीती आपणहून उतरेपर्यंत खाली उतरायचं नाही. पळून आलो तर चौकीदाराला वाटतं, बघा, शिट्टी मारली म्हणून वाचले.

किती वेळ बसायचं हा प्रश्न आला. घड्याळ पाहिलं की दादाचा जीव आणखी वरखाली व्हायचा. त्यावर उपाय त्याचा त्यानेच काढला. आमच्याकडे कुठलाही ड्रायव्हर गाडी काढण्याआधी केबिनमधल्या देवीच्या फोटोला अगरबत्ती लावतो. दादाही लावायचा, पण काडी विझायच्या आत त्याचा स्टार्टर लागलेला असायचा. अगरबत्ती देवीसाठी, पाय पोटासाठी, दोन्ही कामं एकदमच. आता तो अगरबत्ती लावून तिच्यासमोर बसायला लागला. ती पूर्ण जळून राख पडली की उतरायचं.

गल्लीला तर फुकटचा खेळच मिळाला. येणारा-जाणारा शेडपाशी थांबून विचारायचा, "काय करून राह्यला गा दिवाकर?"

वरून उत्तर यायचं, "बसून राह्यलो."

"गाडी कुठी चालली?"

"कुठीच नाई. बसूनच राह्यलो."

वैनीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती चहाचा ग्लास गाडीच्या पायरीवर आदळायची. "अवो, चाय थंडी होऊन राह्यली! लोकं हासून राह्यले आपल्याले!" तो हलायचा नाही. चहा गार व्हायचा, साय धरायचा, आणि अगरबत्ती संपल्यावर तो तसाच पिऊन टाकायचा.

सुरुवातीला तो डॉक्टरकडे तक्रार घेऊन गेला होता. डोळे मिटले की मन शांत व्हायचं सोडून डोक्यात आठवडी बाजार भरतो, म्हणाला. टायर, वैनी, तो मोटारसायकलवाला, मेलेला बाप, सगळे एकदम येतात. डॉक्टर म्हणाली, भरू द्या. मन रिकामं करायचं नाहीच आहे. बाजारात उभे राहा, फक्त सौदा करू नका. हे वाक्य त्याला इतकं पटलं की पुढे तो ते उठसूट वापरायचा. मी शाळेतल्या राजकारणावर तावातावाने बोलायला लागले की मध्येच म्हणायचा, "रेखे, सौदा करून राह्यली तू." असा राग यायचा! आणि गंमत म्हणजे बोलताबोलता माझा आवाज खाली यायचा.

मग इंजिन चालू करून बसणं आलं. मग गाडी शेडबाहेर. मग नाक्यापर्यंत. वाचताना हे सरळ चढत्या पायऱ्यांसारखं वाटेल, तसं ते नव्हतं. एकदा हायवेला लागल्यावर समोरून मोटारसायकल आली आणि तो गाडी कडेला लावून रस्त्यावरच उतरला. दुसऱ्या कोणीतरी गाडी घरी आणून दिली. त्या दिवशी तो लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "आता होत नाई मायाच्यानं." दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये अगरबत्ती वैनीनेच लावून ठेवली होती. मला वाटतं, दादा बरा झाला तो त्या सकाळपासून.

पैनगंगेचा पूल ओलांडून तो पहिल्यांदा आदिलाबादला जाऊन आला त्या दिवशी त्याने मला फोन केला. मला वाटलं, मोठी बढाई मारेल. तर म्हणाला, "रेखे, नदीले पानी केवढं हाय! मी इतके वर्सं जाऊन राह्यलो, पाह्यलंच नोतं."

इथून पुढचा दादा मला जास्त आवडायचा. भीती गेली नव्हती, ती अधूनमधून यायचीच. आली की तो हळूच म्हणायचा, "हो बापा, पाह्यलं मी. बस आता." पण बसायची सवय लागल्यामुळे त्याला बाकीचंही दिसायला लागलं. डॉक्टरने सांगितलं होतं की वाईट गोष्ट मनात कुसळासारखी घुसते, ओढली तरी निघत नाही, आणि चांगली गोष्ट नुसती अंगावरून जाते. तिला धरायचं तर तिच्यापाशी चार श्वास थांबावं लागतं. दादाने हे अक्षरशः अमलात आणलं. पाटणबोरीच्या पुढे पळस फुलला की गाडी कडेला. ढाब्यावर पहिला घास घेतला की डोळे मिटून चावणं. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'महाराज' म्हणायचे, पाया पडायची नाटकं करायचे. तोही आशीर्वाद द्यायचा. साधू वगैरे तो अजिबात झाला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घ्यायचा, फक्त आता घर लवकर खाली ठेवायचा. मला विचाराल तर सुखी संसाराला एवढा फरक पुष्कळ होतो.

आमची शेवटची भेट राळेगावला माझ्याकडे झाली. जिनिंगमध्ये माल उतरवून तो दुपारी जेवायला आला. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मी समोर बसून एका हाताने खात होते, दुसऱ्या हाताने फोन चाळत होते. तो ते पाहत होता. मग म्हणाला, "रेखे, तू भाकर खाताना फोन पाह्यतं. अन् फोन आला तं भाकर पाह्यतं." आम्ही दोघं खूप हसलो. मी फोन उपडा ठेवला. मग त्याने सावकाश दुसरी भाकर मागून घेतली, आणि खाता खाता सहज म्हणाला, "किती मस्त दिवस हाय ना आज." काहीच विशेष नव्हतं त्या दिवसात. ऊन होतं, पंखा करकरत होता. आज मला तो दिवस ताटासकट आठवतो.

मागच्या रविवारी मी पांढरकवड्याला गेले. गाडी विकायची ठरली आहे. माझा भाचा, दादाचा मुलगा, पुण्याला नोकरीत रुळला आहे, तो काही ती चालवणार नाही. दोन-चार दिवसांत नवा मालक गाडी नेणार होता. शेडमध्ये ती धुऊन पुसून उभी होती. वैनी म्हणाली, "तुमी माया फोन उचलत नाई. मीच वाईट खबर सांगतली म्हनून का?" तिचे डोळे भरले होते. मी तिला सगळं सांगितलं, धस्स होण्यापासून पोरीच्या रडण्यापर्यंत. तिने पदराने तोंड पुसलं आणि गाडीकडे बोट केलं. "मंग चढा ना वर. तुमाले का सांगावं लागते?"

मी चढले. सीटवर त्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता. देवीच्या फोटोखाली राखेचा थर, तो धुणाऱ्याने पुसला नव्हता, की वैनीनेच पुसू दिला नव्हता, मी विचारलं नाही. मी अगरबत्ती लावली, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो मांडीवर ठेवला. माझ्या सांगण्यावरून वैनी ओट्यावर बसली आणि तिने मला फोन लावला.

वाजला. छातीत तेच धस्स, हात तसेच गार. पुन्हा शाळेचा ओटा, खिचडीचा वास, उठूनच नाई राह्यले... मी श्वास बाहेर सोडला, जरा लांबवून. रिंग संपली. वैनीने पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी. गल्लीतले दोघेतिघे थांबून बघायला लागले, त्यांना वैनीने हातानेच पुढे जायला सांगितलं. पुन्हा वाजला. पुन्हा. धूर काचेला लागून वर जात होता, राख वाकून पडत होती. मी रडत होते, पण खाली उतरले नाही. किती वेळा वाजला माहीत नाही, पण एका वेळी लक्षात आलं की हा नुसता फोन वाजतो आहे, आणि ओट्यावर एक बाई माझ्यासाठी तो लावते आहे.

अगरबत्तीचं शेवटचं टोक विझलं. फोन वाजतच होता. मी उचलला.

"काय करून राह्यल्या रेखाताई?" वैनीने विचारलं.

"बसून राह्यली वैनी."

ती नाक ओढत म्हणाली, "उतरा आता. चाय थंडी होऊन राह्यली."