मामांची गुप्त प्रार्थना

देवाचा आवाज मला कधी ऐकू आला नाही, आणि याचं खापर मी बरीच वर्षं सासऱ्यांवर फोडत होते. त्यांना मी मामा म्हणते. जन्मभर उसाचा ट्रॅक्टर चालवून मामांचे कान गेले. त्यामुळे तुळजापुरातल्या आमच्या गल्लीला त्यांची गुप्त प्रार्थना पाठ होती. सकाळी दार लावून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, आपण कुजबुजतोय अशा समजुतीनं ते देवाला हाका मारायचे, आणि कोपऱ्यावरचा दूधवाला गाडी बंद करून ऐकत राहायचा.

आमच्या चर्चचे पाळक दर रविवारी सांगायचे की देव आरडाओरडा करत नाही. सकाळी गप्प बसा, मागणं थांबवा आणि ऐका. मंडळीतल्या इतर बायकांना फटाफट ऐकू यायचं. एकीला तर देवानं फ्रिजचा रंगसुद्धा सांगितला होता. मी डोळे मिटून बसले की भिंतीपलीकडून मामा सुरू व्हायचे, "देवा, सून भाजीत लई मीठ घालती. सांगाया गेलं तर तोंड फुगवती." मग थोडी शांतता, आणि मग "हं... हं... बरं." म्हणजे देव त्यांच्याच बाजूनं बोलत असणार. शेजारच्या काकू दुपारी सहज विचारायच्या, आज मीठ बेताचं पडलं का. त्या काही आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, पण मामांच्या प्रार्थनेला रोज हजर असायच्या.

मला मात्र देवाकडून खरंच एक उत्तर हवं होतं. नवऱ्याला ढोकीकडं कारखान्यात नोकरी लागली होती आणि तिथं क्वार्टर मिळणार होतं. जायचं की नाही, हे त्यानं माझ्यावर सोडलं होतं. मामा तुळजापूर सोडणार नाहीत, हे आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. मला जायचं होतं. आपल्याच स्वयंपाकघरात उभं राहून रोज आपलीच तक्रार ऐकायची, आणि तीही थेट वरच्या साहेबाकडं केलेली, याचा मला मनापासून वीट आला होता. पण म्हाताऱ्या माणसाला मागं ठेवून निघायचं तर 'जा' हा शब्द देवानं म्हटलेला बरा. म्हणजे जबाबदारी त्याची.

त्यासाठी आधी शांततेची सोय करायला हवी होती. मी नवऱ्याच्या मागं लागले आणि मामांना सोलापूरला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. मशीन लावल्यावर देवाचं ऐकू येणार नाही, अशी मामांना धास्ती होती. देवाचा आवाज कानानं ऐकायचा नसतो, असं मी ठणकावून सांगितलं. तुला काय ठाऊक, असं त्यांनी विचारलं नाही ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे मिटून बसले. भिंतीपलीकडून "देवा" असं ऐकू आलं आणि आवाज थांबला. पुन्हा एकदा "देवा", जरा खालच्या आवाजात. मग दार उघडलं. मामा टॉवेल डोक्यावर घेऊन उभे होते.

"माझा आवाज रोज एवढा असतो?"

मी मान हलवली. कोण कोण ऐकतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी, काकू, दूधवाला आणि समोरच्या लॉजमधले भाविक अशी नावं घेतली. मामा मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मग तू काय काय ऐकलंस, असं त्यांनी विचारलं. मीही सोडलं नाही. मीठ, फुगलेलं तोंड, फोनवरच्या गप्पा, उशिराचा चहा, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

"आनि म्होरचं?"

पुढचं काही नव्हतं, मी म्हटलं. पुढं तुम्ही गप्पच बसायचात.

"गप कुठं? म्होरचं हळू बोलायचो. लाज वाटायची मला."

ते काय, असं मी विचारलं. मामांनी कानातलं मशीन काढून रुमालात गुंडाळलं, टॉवेल पुढं ओढला, माझ्याकडं पाठ केली आणि आवाज चढवला. पलीकडं काकूंनी नळ बंद केला.

"देवा, म्या आजारी हुतो तवा हिनं माझं पोरीवानी केलं. हिला सुखात ठेव. आता ही ढोकीला चालली. सांगत न्हाय, पर मला तोंडावरून कळतं. जाऊ दे तिला. पर मग म्या तुझ्याकडं गाऱ्हानं कुनाचं सांगू?"

मला रडू आवरेना. मी रुमाल सोडला, मशीन पुन्हा त्यांच्या कानात बसवलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही येता का ढोकीला?"

देवाला विचारून सांगतो म्हणाले, आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. आता त्यांना आवाजाचा अंदाज आला होता, त्यामुळे आतून काहीच ऐकू येईना. पाळकांनी इतकं शिकवूनही मी कधी असं ऐकलं नव्हतं. श्वास रोखून उभी होते, देव नको म्हणेल की काय या भीतीनं.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

"तिथं शेजार लांब हाय का जवळ?"

मी म्हटलं, अगदी भिंतीला भिंत.