भातगिरणीच्या दारातला कंट्रोलर

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वराळ्यातल्या एका दोन खुर्च्यांच्या सॉफ्टवेअर कचेरीत, क्लासच्या डोक्यावर कुठलं अ‍ॅनोटेशन लावायचं या राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रश्नावर सलग दोन दिवस खल झाला. एक खुर्ची माझी, दुसरी वडगावहून येणाऱ्या माझ्या सहकारी ताईंची.

क्लास म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, आणि अ‍ॅनोटेशन म्हणजे त्या तुकड्याच्या कपाळावरची चिठ्ठी: हा कोण, याचं काम काय. डेटा ठेवणाऱ्या तुकड्याला साधं ‘कॉम्पोनंट’ लावलं तरी भागेल, असं ताईंचं म्हणणं. मी उठून उभाच राहिलो. ‘रिपॉझिटरी’ लावलं की डेटाबेसच्या चुका फ्रेमवर्कला, म्हणजे प्रोग्राम ज्या तयार सांगाड्यावर उभा असतो त्याला, समजतील अशा रूपात येतात, यावर मी हातवारे करत पाऊण तास बोललो. ताईंनी शेवटी हात जोडले. मी तो नमस्कार समजून स्वीकारला.

राहिला बाहेरच्यांना उत्तर देणारा तुकडा. त्याच्या चिठ्ठ्या दोन. ‘रेस्ट कंट्रोलर’ लावा, तो उत्तर जसंच्या तसं पाठवतो. नुसतं ‘कंट्रोलर’ लावा, तो उत्तरालाच पानाचं नाव समजतो आणि त्या नावाचं पान शोधत बसतो. ताईंनी विचारलं, इथे कुठलं? एवढ्या मोठ्या विजयानंतर असल्या किरकोळ बाबीत मी कशाला लक्ष घालू? नुसतं कंट्रोलर भारदस्त दिसतं, म्हणालो.

गिऱ्हाईक होते कामशेतचे भातगिरणीवाले आबा. आमचं पहिलंच. भात भरडायला येणाऱ्यांना आपला नंबर मोबाईलवर कळावा, म्हणजे दारातली भांडणं थांबतील, एवढंच त्यांना हवं होतं. अटही सोपी घातली: पहिल्या माणसाला नंबर नीट दिसला तर काम तुमचं, नाही तर चहा घ्या आणि निघा.

पवनेकडून पोती घेऊन आलेल्या एका मावशींच्या हातात मी फोन दिला, नाटकाचा पडदा उघडावा अशा थाटात. मावशींनी बटण दाबलं. चुकासुद्धा शुद्ध मराठीत दिसाव्यात हा माझाच आग्रह, त्यामुळे स्क्रीनवर ठळक अक्षरं उमटली: ‘तुमचा नंबर सातवा’ या नावाचं पान सापडलं नाही.

आबांनी चहा मागवला. ताई छताचे पत्रे मोजू लागल्या. मी सर्व्हरवर घाईघाईने कसलीतरी दुरुस्ती ढकलणार, तेवढ्यात मावशींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि आबांना म्हणाल्या,

“आवो आबा, नंबर ठावं हाय की त्याला, मग सरळ सांगायचं सोडून पान कशाला हुडकतंय?”