शंभर आधीच दाबलेलं असतं

माझी आत्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत झेरॉक्स काढायची. एकोणीस वर्षं. जिन्याखालची खोली इतकी चिंचोळी की मशीनचं झाकण उघडायचं तर तिला स्टूल मागे सरकवावं लागायचं, आणि स्टूल सरकलं की दार लागायचं. सगळं कॉलेज तिला आत्याच म्हणतं, आणि ते माझ्यामुळे नाही, मी यायच्या कितीतरी आधीपासून. पहिल्या दिवशी रांगेत उभी असताना मला एवढा राग आला होता! अरे, माझी आत्या आहे ती!

कुणी नकाशा आणायचं, कुणी मुंगीएवढ्या अक्षरांच्या नोट्स. आत्या एक डोळा बारीक करून कागदाकडे बघायची, "एकशे एक्केचाळीस," म्हणायची आणि बटण दाबायची. मोठ्या कागदावर पान कडेला कड लागून बसायचं. मोजपट्टी नाही, काही नाही.

आणि हीच बाई टक्केवारीच्या गणितात दोनदा आपटली.

झालं असं की पुढच्या वर्षी ते मशीन काढणार होते, मुलं हल्ली मोबाइलवरच फोटो काढतात. आत्या पडली हंगामी. नोकरी टिकवायची तर ऑफिस सहायकाची परीक्षा पास व्हायची, तरच कायम. भाषेत ती पहिली येते, पण गणितात वीसपैकी दहा हवेत आणि तिला आधी सात मिळाले, मग नऊ. वयाच्या अटीमुळे आता शेवटची संधी उरली होती.

घरी बाबा म्हणाले, "ताई, कशाला जिवाला त्रास? आराम कर आता."

"तू गप रे. दहावीचं प्रगतिपुस्तक तीन दिवस माझ्या गादीखाली ठेवलं होतंस, विसरलास?"

बाबा चहा घेऊन गॅलरीत गेले.

मी म्हटलं, मी शिकवते. मोठ्या ऐटीत म्हटलं. आणि दुसऱ्याच दिवशी मी तिच्यावर ओरडले, ते आठवलं की अजून कसंतरी होतं. गणित साधं होतं. शाळेत ३२० मुलं होती, संख्या १५० टक्क्यांनी वाढली, आता किती? आत्याने लिहिलं ४८०.

"आत्या, अगं आठशे! किती वेळा सांगू?"

"चारशे ऐंशीच. दीडशे म्हणजे दीडपट."

"दीडशे टक्क्यांनी वाढली! नी! वाढली!"

"मग वाढलीच की. आधी तीनशेवीस होती, आता चारशे ऐंशी."

मी वही आपटली. ती पेन्सिलीला टोक करत बसली. त्याने मला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सॉरी म्हणायला त्या खोलीत गेले. समोर एक मुलगा उभा होता, त्याला आकृती दीडपट मोठी हवी होती. आत्याने दाबलं दीडशे. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. ती चुकत नव्हतीच! तिच्या मशीनवर दीडशे म्हणजे दीडपटच! मशीनला "किती वाढवू" कळत नाही, त्याला फक्त "शेवटी किती हवंय" एवढंच कळतं.

मुलगा गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"आत्या, काहीच दाबलं नाही तर मशीन कितीवर असतं?"

"शंभरवर. जसंच्या तसं."

"मग 'दीडशे टक्क्यांनी वाढली' म्हणजे या शंभरावर दीडशे चढवायचे. काय दाबशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बटणांकडे. "अडीचशे," ती हळूच म्हणाली. मग जोरात, "अगं भिंगरे, मग परीक्षावाले सरळ अडीचशे दाबा असं का लिहीत नाहीत? शंभर आधीच दाबलेलं असतं, हे सांगायला काय जातं त्यांचं?"

त्यानंतर मला फार काही करावं लागलं नाही. तिने कागदावर दहा सेंटीमीटरची रेघ मारली, एकशेदहावर झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची पुन्हा एकशेदहावर काढली आणि मोजपट्टी लावली. बारा सेंटीमीटर आणि वर एक बारीक रेघ.

"हा बघ एक मिलिमीटर. तुझी दोन वर्षांची दहा-दहा टक्के वाढ. बारा नाही, बारा पूर्णांक एक. झेरॉक्सची झेरॉक्स!"

मग मी उलटं गणित टाकलं. पंचवीस टक्के वाढून पाचशे झाले, आधी किती? मी याच गणितात बारावीत पाचशेतून पंचवीस टक्के वजा करून बसले होते. आत्या हसली.

"एकशेपंचवीसचं मूळ आकारात आणायला ऐंशी दाबते मी. रोजचं आहे. चारशे."

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर नखं खात बसले होते. ती आली ती चिडलेली. पर्यवेक्षक बाई दोनदा तिच्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या म्हणे, कारण ही बाकावर बोटं दाबत होती.

"काय करताय, विचारलं. मी म्हटलं, झेरॉक्स काढतेय. पुढच्या मुलीला हसू आवरेना, बिचारीचा वेळ गेला माझ्यामुळे."

वीसपैकी चौदा! मी निकाल बघितला आणि कॉरिडॉरभर ओरडत पळाले, चप्पल एकीकडे, मी एकीकडे. आत्या झेरॉक्स काढत होती. "थांब, अकरा प्रती राहिल्यात," म्हणाली आणि त्या पूर्ण केल्या. मग स्टूलवर बसली आणि मशीनच्या गरम झाकणावर दोन्ही हात ठेवले.

आता ती वर ऑफिसात बसते, खिडकीजवळ. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कने वार्षिक अहवाल दिला, चाळीस प्रती काढायला. आत्याने पहिलं पान वाचलं आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, प्रवेश चारशेचे सहाशे झालेत. तुम्ही दीडशे टक्के वाढ लिहिलीय."

"मग? दीडपटच झाले ना?"

"झाले. पण शंभर आधीच दाबलेलं होतं," आत्या म्हणाली. आणि त्यांना काही कळेना, म्हणून स्वतःची खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि कोऱ्या कागदावर दहा सेंटीमीटरची रेघ मारली.