शेवटच्या नावेतले लष्करकाका

"हवा म्हंजे सायेब हाये. जेवून आल्यावरच कामाले लागते," असं म्हणून लष्करकाका डोळे मिटायचे आणि पश्चिमेकडं गाल करून उभे राहायचे, कोणी चापट मारणार असल्यासारखे. काठाला तीन नावा डुलत असायच्या. बांबूवर खताच्या पोत्यांची शिवलेली शिडं बांधून आम्ही ताटकळत बसायचो. दुपार कलली की काका डोळे उघडायचे. "आला सायेब. सोडा." आणि खरंच पाण्यावर सुरकुत्या यायच्या.

धरणाच्या गेटावर राखण करणाऱ्याला आमच्या आदिलाबादकडं लष्कर म्हणतात. तुमच्याही हापिसात असा एखादा असेल, कायम न झालेला, पण ज्याच्यावाचून कोणाचं चालत नाही असा.

आमचं घर तेव्हा उघड्यावरच पडलं होतं म्हणा. माझे आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे. धरण झालं, ती शेतं पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन होती त्यांना दुसरी मिळाली. ज्यांचे नुसते हात होते त्यांना कोणी विचारलं नाही. आई आंबाडीची भाजी उकडून त्यातच ज्वारीच्या कण्या टाकायची, आणि तेवढ्यावर दिवस जायचा. लष्करकाकांनी साहेबाच्या मागं लागून बाबांना कॅनालचा गाळ काढायच्या कामावर लावलं. त्या कमाईवर मी आदिलाबादच्या कॉलेजात शिकलो. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. पुढं त्याच धरणाच्या हापिसात बाबू झालो. काका तेव्हापासून मला नावानं हाक मारेनात. "काय बीए, पाणी किती फूट हाये ते कागदात पाहून सांगतं का तळ्यात पाहून?"

शर्यती त्यांनीच सुरू केल्या. आमच्या वस्तीची पोरं आणि पलीकडच्या काठावरचे तेलुगू मासेमार जाळ्यांवरून वल्ह्यांनी मारामारी करत. काकांनी दोघांना गेटापाशी बसवलं आणि म्हणाले, डोकी काऊन फोडून राह्यले, त्या वाळलेल्या झाडापर्यंत कोण आधी जातो ते पाहा. पुढच्या वर्षी हापिसाच्या क्लबानंही नाव उतरवली. मग दरसाल हंगाम सरताना, कॅनालचं शेवटचं पाणी सुटायच्या आधी, पाच रविवार शर्यत. पाणी आणखी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर यायचे आणि नावा काठावर ओढून पालथ्या घातल्या जायच्या.

एक रीत मात्र काकांची होती. आदल्या रविवारी जी नाव शेवटी आली, तिच्या सुकाणूवर ह्या रविवारी ते बसायचे. मग ती नाव पुढं जायची. त्यामुळं हरणाऱ्याला पुढच्या रविवारची आस असायची आणि जिंकणाऱ्याला माज चढत नसे. मारामाऱ्या त्यामुळंच थांबल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

हैदराबादहून नवे साहेब आले. म्हणाले, शर्यतींना परवानगी हवी तर त्यांचे नियम आणि इतिहास लिहून द्या, जिल्ह्याकडून कप मिळवू. लिहिणारा मीच. मान ताठ करून बसलो आणि लिहिलं: एका माणसानं एकाच क्लबातर्फे उतरावं, आणि तो त्या क्लबाचा सभासद असावा. इतिहासात लिहिलं: परिसरातील तरुणांनी शर्यतींची मालिका सुरू केली.

काका कोणाचेच सभासद नव्हते. हापिसाचा क्लब कायम नोकरांचा, पलीकडचा मासेमारांचा, आणि आमच्या वस्तीच्या तरुण मंडळाला वयाची अट. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी पुष्कळांना सांगितलं. खरं असं की लिहितानाच लक्षात आलं होतं. काका आमच्या विरुद्धच्या नावेत बसले की आम्ही हरायचो. पहिला कप मला वस्तीत हवा होता.

बैठकीत मी नियम वाचले. काकांनी शांतपणे ऐकले.

"मंग मी कोनाच्या नावेत, बीए?"

"ते पाहू नंतर, काका."

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

त्या साली पाचही रविवार काका बांधावर उभे राहून नुसता नावा सोडायचा इशारा देत होते. मासेमारांची नाव चारदा शेवटी आली. पाचव्या रविवारी त्यांच्यातल्या एकानं जागा करून हाक मारली, "रा ताता, कूर्चो." ये आजोबा, बस. काका दोन पावलं पाण्यात गेले, थांबले आणि माझ्याकडं बोट करून हिंदीत म्हणाले, "बाबूने लिखा है." मग ओल्या धोतरानं बांधावर परत आले. आम्ही कप जिंकला. तो घेताना मी हसलोसुद्धा.

पुढच्या साली मासेमार आले नाहीत. त्याच्या पुढच्या साली जाळ्यांवरून पुन्हा डोकी फुटली. काका तोवर काम सोडून बेल्लमपल्लीला लेकीकडं गेले होते, जावई खाणीत होता. मी बस धरून गेलो. क्वार्टरच्या दारात ते खाटेवर बसले होते, अंगानं अर्धे झालेले. आल्याबरोबर चहा सांगितला. मी सारं कबूल केलं, मुद्दाम केलं हेही. त्यांना आधीच ठाऊक होतं.

"कप पाह्यजे होता, तर मले सांगायचं होतं ना," ते म्हणाले. "मी तुमच्या नावेत बसलो असतो."

मी म्हणालो, चला माझ्याबरोबर, सगळ्यांसमोर माफी मागतो.

"मले नेऊन काय करतं? ते ओळ खोड."

शर्यतींचे दिवस यायच्या आधीच ते गेले. निरोप आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

मी पलीकडच्या काठावर एकटाच गेलो. पुष्कळ ऐकून घेतलं. मग तिन्ही क्लबांसमोर ती ओळ खोडली. आता आदल्या रविवारी शेवटी आलेल्या नावेचं सुकाणू पहिल्या आलेल्या क्लबाचा माणूस धरतो. इतिहासाच्या पहिल्या ओळीत लष्करकाकांचं नाव आहे. त्या साली पाचही रविवारी तिन्ही नावा पाण्यात उतरल्या आणि कोणाचं डोकं फुटलं नाही.