सारंगचाचांचं काचघर

मिरचीच्या झाडाशी अदबीनं आणि माणसांशी मात्र भर दर्यात तुफान सुटल्यासारखं बोलणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत एकच जन्माला आला, आणि माझं भाग्य असं, की लग्न होऊन मी रत्नागिरीत आले ती नेमकी त्याच्या शेजारी. त्यांचं खरं नाव आळीत कुणी घेत नसे. उभा जन्म आगबोटींवर सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून गेलेला, त्यामुळे लहानथोरांचे ते सारंगचाचा. पन्नास-पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट. चाचा तेव्हा बोट सोडून घरी बसले होते. म्हणजे चाचींच्या मते घरी बसायला हवे होते. बसत होते ते काचघरात.

हे काचघर त्यांनी परसात स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. वासे मोडलेल्या होडीचे, काचा मुंबईच्या जुन्या बाजारातून गवतात गुंडाळून आणलेल्या. कुठली चौकोनी, कुठली बोटीच्या खिडकीची गोल. आळी त्याला आरसेमहाल म्हणे आणि चाची त्याला सवत म्हणत. आत काय, तर भोपळी मिरची! विलायतेत एका कप्तानाच्या बागेत चाचांनी असं घर पाहिलं होतं. "तिथं काच थंडीसाठी, हितं पावसासाठी," ते मला म्हणाले, "काचेला काय गो पोरी, अडवायचं तेवढं काम." आमच्याकडचा पाऊस मिरचीला उभं राहू देत नाही, हे सगळं कोकण जाणत होतं. चाचांना ते मान्य नव्हतं.

रोपं लावायला कुणीही लावतं, खरी परीक्षा श्रावणात, झाडं कमरेएवढी झाली की, असं त्यांचं ठाम मत. श्रावण लागला की त्यांची धांदल बघावी! पहाटे नमाज आटोपला की पहिलं काम झरोके उघडायचे, कारण रात्रभर आतली हवा कोंदून पानांना घाम येतो. मग मातीला टेकलेली खालची पानं काढायची. मग प्रत्येक झाडाला बांबूची कामटी आणि केळीच्या सोपटाची सैल गाठ. गाठी अर्थातच खलाशी पद्धतीच्या; एकदा मी मदतीच्या उत्साहात साधी निरगाठ मारली तर चाचांनी ती सोडून फेकून दिली. "गळा आवळतेस काय तिचा? उद्या खोड जाड होईल, तेव्हा काय करील बिचारी?" सुरुवातीला आलेली पहिली कळी ते खुडून टाकत, तेव्हा आमच्या सासूबाई कुंपणापलीकडून कळवळल्या होत्या. "अहो, पहिलटकरणीची कळी खुडता? हात कसा धजतो तुमचा?" त्यावर चाचा म्हणाले, "वहिनी, झाड म्हणजे नवा खलाशी. पहिल्या दिवसापासनं डोक्यावर बोजा दिला तर वाढायचा कधी?" सासूबाईंना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यानंतर त्या मला जड हंडा उचलू देईनात.

सासूबाईंचं आणि काचघराचं खरं वैर होतं ते वासावरून. फुलं लागली की चाचा झाडांना सुक्या मासळीची कुटी कुजवून तिचं पाणी घालत. त्या दिवशी आमच्या देवघरातला धूप हात टेके. आम्ही खिडक्या लावून घेत असू आणि चाचा बाहेरून ओरडत, "खिडक्या उघडा! ताकद येते!" पानं मुरडायला लागली, त्याला आमच्याकडे बोकड्या म्हणतात, की ते तंबाखूचं पाणी उकळत, प्रत्येक पान उलटून खालच्या अंगाला फडक्यानं पुसत आणि बोटीवर ऐकलेल्या सात मुलखांच्या शिव्या त्या बारीक किड्यांना घालत. झाडाला मात्र लगेच म्हणत, "तुला नाय हां, बेटा."

पण सगळ्यांत थोर प्रकार सकाळी दहाच्या सुमाराला. काचघरात मधमाशी शिरत नाही. मग फळ धरणार कसं? चाचांनी ती जबाबदारी स्वतःवर घेतली होती. कोंबडीचं मऊ पीस घेऊन ते फुलाफुलावरून फिरत, देठाला हळूच टिचकी मारत आणि तोंडानं चक्क गुणगुणत, भुंग्यासारखं! आवाजानं फूल हलतं आणि पराग मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. सहा फुटी देह, पांढरी दाढी, आणि काचेतून येणारा तो घुंऽऽ आवाज. आमचे हे जेवता जेवता ताटावरून उठत. "चाचांचा भुंगा सुरू झाला, कचेरीला उशीर झाला!"

आम्ही हसत होतो, पण त्या वर्षी एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कप्तानाच्या म्हाताऱ्या माळ्यानं दिलेल्या बियांची शेवटची चिमूट चाचांनी पेरली होती. आदल्या वर्षीची फळं पिकायच्या आत सडली होती. यंदा एखादं फळ झाडावर लाल होऊन त्याचं बी हाती लागलं नाही, तर संपलं. बोट सुटलेली, माळी वारलेला. चाचा हे एकदाच बोलले, तेही हळू आवाजात, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आणि फळं सुपारीएवढी झालेली असताना एका रविवारी दुपारी वारा सुटला. कडाडकन आवाज झाला. मी परसात धावले तर फणसाची फांदी काचघरावर आडवी! अर्धं छप्पर गेलेलं, वरून पाऊस कोसळतोय, झाडं आडवी होतायत, आणि चाचा मधोमध उभे. हात लोंबकळलेले. ज्या माणसानं वादळात अख्खी बोट सांभाळली, तो माणूस काचांच्या ढिगात नुसता भिजत उभा!

तेवढ्यात चाची बाहेर आल्या. काचघराला सवत म्हणून बोटं मोडणाऱ्या चाची! त्यांनी पेटीतून चाचांची बोटीवरची जुनी चांदीची शिट्टी आणली होती. "उभे काय राहिलाव? वाजवा!"

चाचांनी शिट्टी ओठाला लावली. काय तो आवाज! आळीतलं दार न् दार उघडलं. "शीड आणा! दोर धरा! तू वर चढ! तू नाय, तुझं पोट मोठं हाय!" आमचे हे धोतर खोचून वाशावर, शेजारचे दर्यावर्दी तरुण जुनं शीड ओढतायत, मी काचा वेचतेय. आणि सासूबाई! शेतावरून परतणाऱ्या बायकांना त्यांनी रस्त्यातच अडवलं आणि डोक्यांवरची इरली उतरवून घेतली. पानांनी विणलेली ती पाठभर इरली एकेका झाडावर पालथी पडली. त्या वासाच्या चिखलात सासूबाई घोट्यापर्यंत उतरल्या होत्या आणि बजावत होत्या, "सारंगभावजी, ह्या कोपऱ्यातलीला द्या आधी, ती नाजूक आहे!"

शीड ताणून बांधलं गेलं तेव्हा चाचा इतक्या मोठ्यांदा हसले, की आम्हीही सगळे भिजलेले लोक वेड्यासारखे हसत सुटलो.

निम्मी झाडं वाचली. फळं वाढली, आणि भाद्रपदात एक, दोन, करत चार फळं लालबुंद झाली. चाचांनी बी काढून राखेत घोळवलं. उरलेली हिरवी फळं घरोघर वाटली. चाचींनी त्यांत कोलंबी भरली, सासूबाईंनी बेसन. "तिखट कुठाय मेली? गोडच लागते," असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दिवाळीनंतर ह्यांची बदली झाली. आम्हाला पोचवायला चाचा बंदरावर आले. आगबोट लांब उभी. तिथवर पडावातून जायचं. चाचांनी ट्रंका कुठं ठेवायच्या, मी कुठल्या फळीवर बसायचं, वल्हं कुणी धरायचं, सगळ्याचे हुकूम सोडले. पडाव सुटला, आणि ते पाण्याच्या कडेपर्यंत चालत आले. त्या काठावर, एवढ्या गलबल्यात, तो सहा फुटी देह वेगळा दिसत होता.

बरंच अंतर पडल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून काहीतरी हाक दिली. लाटांमुळे मला ऐकू आलं नाही. मी खलाशाकडे पाहिलं. तो वल्हं मारता मारता म्हणाला, "पदर डोक्यावर घ्या म्हणतायत, बाय. पुढं वारा हाय."

मी पदर घेतला. तो त्यांना दिसला असावा, कारण त्यानंतरच ते मागं वळले.